झोपेच्या दवाखान्याच्या ओट्यावर

परत आल्यापासून आमच्या चिपळूणच्या आळीत जो भेटतो तो एकच विचारतो, "वेरूळ पाहिलंत का?" नाही पाहिलं. अजिंठाही नाही. मकबरा पाहिला, पण तो कसा पाहिला ते पुढे सांगते. छत्रपती संभाजीनगरला जाऊन लेणी न बघता परतणारी बाई तूच पहिली, असं आमच्या वहिनी म्हणाल्या. असेन बापडी. गेले होते चार दिवसांसाठी आणि राहिले किती हे आळीला ठाऊक आहेच. इतके दिवस तिथे केलं काय, हे तोंडावर कुणी विचारत नाही, म्हणून आपणच लिहून टाकावं म्हटलं.

गेले ते शलाकाला परत आणायला. शलाका आमची एकुलती एक. मानसशास्त्रात एम.ए. केलं, पुढे आणखी शिकली, आणि पुण्याच्या कंपनीतली चांगली नोकरी समोर असताना ही एका संस्थेत लागली. खेडोपाडी मानसिक आजारांचे दवाखाने भरवणारी संस्था. पुण्याची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे, असं आमच्या ह्यांच्या मित्राने सांगितलं होतं. "तू जा, तुझं ऐकते ती," असं म्हणून ह्यांनी मला गाडीत बसवलं.

काळजी करण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. पाऊस नसला तर विहिरीची करते, असला तर दरडीची. पण ही काळजी वेगळी होती. दिवसभर परक्यांची दुःखं ऐकणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या मनाचं काय होत असेल? आणि ते ती कुणाला सांगत असेल? फोनवर विचारलं की म्हणायची, "आई, मी ठीक आहे." हे वाक्य ऐकून आजवर कुणाची आई गप्प बसली आहे का?

क्रांती चौकामागची खोली

शलाकाची खोली क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. घरमालकीण काकू मूळच्या पिशोरच्या. तिकडच्या शेतातून त्यांच्याकडे पोत्याने अद्रक येतं आणि ते चहात पडतं. पहिला घोट घेतला आणि कानातून वाफ निघाली. सोबत सुशीला दिला, म्हणजे चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला घातलेले. छान लागतो. आमच्याकडे पाहुण्यांना "चहा घेणार का?" असं विचारतात. इथे विचारत नाहीत, कप हातात देतात आणि संपला की परत भरतात.

शलाका वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी मनातल्या मनात तिचं सामान भरायला घेतलं.

तिच्या कामात कोण काय करतं, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. तिने समजावलं. मानसोपचार तज्ज्ञ म्हणजे आधी डॉक्टर होऊन मग मनाचं शिकलेले. गोळ्या तेच लिहितात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, बोलून उपचार करतात, त्याला सरकारी नोंदणी लागते. समाजकार्य शिकलेले घरच्यांशी बोलतात, कामधंद्याचं बघतात. समुपदेशक वेगळे.

"आणि यात तू कुठे?"

"मी आत बसते आणि ऐकते."

"नुसतं?"

"नुसतं ऐकणं किती अवघड आहे ते तुला कळणार नाही, आई. तू कधी ऐकलंच नाहीस." असं म्हणून ती हसली. मीही हसले. थट्टाच होती ती, पण पुढच्याच दिवशी माझ्या अंगावर आली.

बाजाराचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. जालना रस्त्याने शेंद्र्याचे कारखाने ओलांडून आत वळलं की लागतं, एवढं पुरे. का लिहीत नाही ते कळेलच.

संस्थेची जीप खालिदभाई चालवतात. औषधांचे खोके तेच उतरवतात आणि दवाखान्यापर्यंत येऊन परत फिरणाऱ्या माणसाला गोडीने चहाला नेणंही त्यांचंच काम. मला पहिल्या भेटीपासून अम्मा म्हणायला लागले. रस्त्याच्या एका अंगाला काचेच्या भिंतींचा कारखाना आणि त्याच्या कुंपणाला लागून वेचणी होऊन गेलेली कपाशी. मग मोसंबीच्या बागा. मग नुसतं उघडं रान. आमच्याकडे नजर पुढच्या झाडाला अडते, इथे अडायला काही नाही. मला उगीच आधार सुटल्यासारखं झालं.

बाजाराच्या दिवशीच दवाखाना भरवतात. बाई पिशवी घेऊन बाजाराला निघाली तर घरात कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतीच्या जुन्या दोन खोल्या, पुढे लांब ओटा, मागे एक दार. पाटी साधी, 'आरोग्य सल्ला' एवढीच. गावात मात्र त्याला झोपेचा दवाखाना म्हणतात, कारण आत पहिला प्रश्न झोपेचा असतो. सुनेला झोप येत नाही म्हणून सासू स्वतःहून पाठवते. दुसरं काही म्हटलं असतं तर पाठवली नसती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी शलाका एवढंच म्हणाली होती, "आई, तू ओट्यावर बसू नकोस. खालिदभाईंबरोबर बाजार बघ."

मी बाजार बघितला. काटेरी वांगी, बोरं, हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या. मग पाय दुखले आणि ओट्यावर येऊन बसले.

ओट्यावर बायका ओळीने बसलेल्या आणि सगळ्या गप्प. आमच्या चिपळूणला दवाखान्याच्या बाकावर अर्ध्या तासात दोन सोयरिकी जुळतात. मला ती शांतता सोसवेना. शेजारी जांभळ्या पदराची एक तरुण बाई होती, मांडीवर मेथीची पिशवी घट्ट धरून. तिला विचारलं, "काय होतंय?"

"झोप नाय येत."

मी तिला जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं. ती थोडी हसली. "तुमी कुठल्या?"

"चिपळूणची. कोकणातली. लेकीला बघायला आले."

"पोरीला बघाया एवढ्या लांब?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघतच राहिली.

तेवढ्यात घोंगडी पांघरलेले एक म्हातारबा पायरीवर टेकले. "बाई, आतली मॅडम तुमची पोरगी व्हय?"

"हो, माझीच."

"डाक्टरीण हाय?"

आता इथे गप्प बसले असते तर हे प्रवासवर्णन चार पानी झालं असतं आणि त्यात वेरूळ आलं असतं. पण आईचा अभिमान तो. मी चांगलं ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टर नाही हो, मानसशास्त्र शिकलीय. मानसिक रुग्णांवर उपचार करते. हे सगळे तिचेच पेशंट."

ओट्यावर कुणी हललं नाही. म्हातारबांनी ओळीवरून एकेक तोंड बघत नजर फिरवली. "म्हंजी येड्यायचा दवाखाना हाय का ह्यो?"

"वेड्यांचा नाही हो, मनाचा!" मी सावरायला गेले आणि आणखी खोलात गेले.

"बया, माझी भाजी उन्हात पडली," म्हणत एक उठली. दुसरीची गाडी निघणार होती. तिसरी चपला हातात घेऊनच निघाली. जांभळ्या पदराच्या बाईने पदर कपाळाखाली ओढला, पिशवी उचलली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गर्दीत शिरली. त्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं.

शलाका पुढच्या बाईला बोलवायला दार उघडून बाहेर आली, तेव्हा ओट्यावर मी एकटी होते.

ती ओरडली नाही. तेच फार वाईट झालं. परतताना जीपमध्ये तिने शांतपणे विचारलं, कोण कोण बसलं होतं. मी आठवेल तसं सांगत गेले. जांभळा पदर म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

"ती आली होती? ओट्यापर्यंत आली होती?"

"कोण आहे ती?"

"ते मी तुला सांगणार नाही. तिचं नाव नाही, काही नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिच्या गोळ्या आज संपतात. आणि मागच्या वेळी तिने मला जे सांगितलं, त्यानंतर ती आज यायलाच हवी होती."

न सांगताही मला कळलं. "मग आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जाऊया ना!"

"आपली गाडी तिच्या दारात थांबली की संपलंच, आई. घरच्यांना वाटतंय ती डोकं दुखतं म्हणून येते. फोन करावा तर नंबर दिराचा. डॉक्टरांना आत्ताच कळवलंय. ते म्हणाले, गावात घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना सांगा, सहज म्हणून एकदा डोकावतील. दुसरं काही करता येत नाही."

मी रडायला लागले. खालिदभाई आरशातून बघत म्हणाले, "अम्मा, नक्को रडो. आएंगी वो. अगले बाजार को आएंगी." पण गाव संपेपर्यंत तेही दोन्ही बाजूंच्या बायांकडे बघतच गाडी हाकत होते.

मकबरा

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र दारात पडलं. मी उठून घ्यायला गेले, तर शलाकाही त्याच वेळी वाकली. दोघींनी दोन टोकं धरली. पहिलं पान सोडून आम्ही एकदम आतल्या पानावर गेलो, जिथे खेड्यांतल्या लहान लहान बातम्या असतात. दोघींनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. काही नव्हतं.

"काय हुडकायल्यात मायलेकी?" काकूंनी विचारलं.

"सोन्याचा भाव," मी म्हटलं.

आशाताईंचा निरोप आला तो धड नव्हता. दार सासूने उघडलं, सून रानात गेली म्हणाली. रानात असेलही. शलाका आंघोळ करून कामावर गेली. दिवसभर ती आणखी कुणाकुणाचं ऐकणार होती, हे आत असताना. मला तिचं फार नवल वाटलं आणि तितकीच भीतीही वाटली. पुण्याच्या त्या नोकरीत फार तर फाइल हरवली असती.

काकूंनी माझा उतरलेला चेहरा बघून मला मकबऱ्याला नेलं. थंडीचे दिवस, ऊन मऊ, सहली आलेल्या, पांढरे मनोरे, मागे डोंगर. मुलाने आईसाठी बांधला म्हणे. एरवी मला हे ऐकून गहिवरून आलं असतं. त्या दिवशी मात्र मी हौदाच्या काठाने चालणाऱ्या बायकांचे पदर बघत होते. इतक्या बायका जांभळं नेसतात हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

परतताना क्रांती चौकात तर कमालच झाली. सिग्नलपाशी रिक्षा थांबली आणि पलीकडे ती दिसली. तीच चाल, तसाच ओढलेला पदर. मी काकूंना काही न सांगता उतरले आणि रहदारीत घुसले. एका मोटारसायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला, "मावशी, मरायचं हाय का?" म्हणाला. मी धावतच गेले, पदराला हात घातला. बाई वळली. चष्मा लावलेली, बँकेत-बिंकेत असावी. "काय हवंय?" तिने विचारलं. मी काय सांगणार? बसस्थानकाचा रस्ता विचारला. तो समोरच होता.

काकूंनी हे सगळं शलाकाच्या कानावर घातलं. रात्री ती मला म्हणाली, "ती भेटली असती तर काय बोलली असतीस?"

"माफी मागितली असती."

"चौकात? तिच्याबरोबर घरचं कुणी असतं तर? आई, बाहेर पेशंट दिसला तर आम्ही ओळख दाखवत नाही. त्याने दाखवली तरच. समोरून गेला तरी भिंतीकडे बघायचं."

आमच्याकडे ओळखीचं माणूस दिसून न बोलता पुढे गेलं तर पिढ्यानपिढ्या बोलणं बंद होतं. आणि इथे माझी लेक पगार घेते ती अशी पुढे जाण्याचा. पुण्याचा विषय मी त्या रात्री काढणार होते. नाही काढला.

शेंद्रा

माझी परतीची गाडी होती त्या दिवशी शलाकाला शेंद्र्याच्या एका कारखान्यात बोलायला जायचं होतं. पाळ्यांत काम करणाऱ्या कामगारांना झोपेबद्दल चार गोष्टी सांगायच्या, असा कार्यक्रम आधीच ठरलेला. मला खोलीवर एकटी सोडायची तिला भीती वाटली असावी. गाडीला वेळ होता. "चल," म्हणाली, "पण तिथे तोंड उघडायचं नाही."

कँटीनमध्ये निळ्या शर्टांतले लोक लांब टेबलांना बसले होते. प्रत्येकाच्या छातीवर नावाचा बिल्ला. मी मागे कोपऱ्यात बसले. शलाका बोलायला लागली. चांगली बोलते हो. तिला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. कुणाला हसवते, कुणाला बोलतं करते. मग टेबलांमधून फिरता फिरता एका ठिकाणी तिची नजर एका बिल्ल्यावर पडली आणि वाक्य अर्ध्यात राहिलं. फक्त मला कळलं असेल. बारशापासून ओळखते मी तिला.

तिने वाक्य पुरं केलं आणि म्हणाली, "आता प्रत्येकाने सांगायचं, आज सकाळी तुमच्या घरात आधी कोण उठलं आणि डबा कुणी केला. इथून सुरू करा."

लोक हसले. "मॅडम, झोपेचा अन् डब्याचा काय संबंध?"

"आहे. घरात आधी कोण उठतं, त्यावर सगळ्यांची झोप ठरते."

एकेक जण सांगायला लागला. कुणाची आई, कुणी स्वतः, कुणी खानावळीचा. ती प्रत्येकाचं सारख्याच मानेने ऐकत होती. त्या बिल्ल्याकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. तो कुणाचा नवरा असणार, हे मला आता उमगलं. तिने कँटीनभर माणसांना विचारलं होतं, पण तिला उत्तर एकाचंच हवं होतं, आणि त्याची पाळी यायला किती वेळ लागत होता.

खिडकीशेजारचा मिशीवाला उठला. "आमच्यात मालकीणच उठती आधी. आज बी चारलाच उठली. डबा केला, म्हशीचं केलं."

"आज?" शलाकाने विचारलं. तिने बाकी कुणाला हे विचारलं नव्हतं.

"व्हय, आजच. कामून मॅडम?"

"काही नाही. लवकर उठतात म्हणून. पुढचे सांगा."

पुढच्याचं उत्तर ऐकताना तिने खुर्चीची पाठ धरली होती. मी कोपऱ्यात डोळे मिटून घेतले. आहे. बाई आहे. आज सकाळी उठली, पीठ मळलं, म्हशीचं केलं.

मग डबे उघडले. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्या मिशीवाल्याच्याच टेबलाशी जाऊन उभी राहिले. "या मावशी, घ्या की," म्हणत त्याने बाजरीची भाकरी मोडून पुढे केली, वर शेंगदाण्याची चटणी. लांबून शलाकाचा चेहरा पांढरा पडलेला दिसत होता. मी काय बोलेन याचा तिला नेम नव्हता. मलाही नव्हता. ओठांवर सगळं आलं होतं, कशी आहे ती, जेवते का, झोपते का.

मी भाकरी खाल्ली. म्हटलं, "आमच्या कोकणात तांदळाची करतात. ही बाजरीची मला जन्मात जमली नाही. थापायला गेलं की मोडते."

"भाकर येत नाय?" त्याला फार गंमत वाटली. "मग खाता काय?"

"भात. मासे."

"अन् ह्या मॅडम तुमच्या कोन?"

"लेक."

आणि मी तिथून निघाले. एवढं कमी बोलून मी आजवर कुणाच्या पानावरून उठले नव्हते.

परतताना मी हळूच म्हटलं, "बरं झालं ना गं?"

"कशाबद्दल बोलतेस मला माहीत नाही," शलाका म्हणाली. मग रस्त्याकडे बघतच पुन्हा बोलली, "गोळ्या बंद झाल्या की माणूस फार लवकर जागं होतं. कुणीही माणूस. पहाटेचा वेळ त्याला सगळ्यात वाईट जातो."

चारला उठली हे ऐकून मी देवाचे आभार मानले होते आणि हिला त्याच शब्दाने घोर लावला होता.

चिपळूणची गाडी माझ्याशिवाय गेली. ह्यांचा फोन आला. "शलाका काय म्हणाली?"

"अजून विचारलं नाही."

"मग करतेस काय तिथे?"

"वाट बघते."

"कुणाची?"

"ते सांगता येत नाही," मी म्हटलं. ह्यांनी फोन कानापासून दूर धरून बघितला असणार.

पुन्हा बाजार

पुढच्या बाजाराला शलाकाने मला जीपमधून उतरू नकोस म्हणून बजावलं. उतरायची माझी हिंमतही नव्हती. काच वर करून बसले. ओटा रिकामा. दोन पुरुष आले, एक म्हातारी आली, तिला खरंच झोपेचं काहीतरी असावं. डॉक्टर आत बसून होते. शलाका दोनदा बाहेर येऊन उगाच पाटी सरळ करून गेली. खालिदभाई चहाच्या टपरीपाशी उभे राहून रस्ता बघत होते. ऊन डोक्यावर आलं. बाजारातली भाजी सुकायला लागली. मला वाटलं, ती आता येत नाही. आज नाही, कधीच नाही. आणि शलाका तिचं नाव आयुष्यभर कुणाला न सांगता मनात ठेवणार.

काचेवर टकटक झाली. मी दचकले. जांभळा पदर नव्हता, हिरवा होता, पण तीच होती. डोळे खोल गेलेले. हातात कापडी पिशवी.

मी तिच्याकडे बघितलं आणि लगेच समोरच्या भिंतीकडे बघायला लागले. शिकले होते ना तेवढं.

"वळखलं नाय व्हय मावशी?" ती म्हणाली.

मी दार उघडलं. ती हळू आवाजात बोलत होती, मान वळवून मागे बघत. "त्या दिशी म्हातारबानं गावभर केलं. सासूबाई म्हनल्या, तिकडं आता पाय टाकायचा नाय."

"माझ्यामुळे झालं गं," मी म्हटलं.

"व्हय, तुमच्यामुळंच." ती सरळ म्हणाली. "मग मालक घरी सांगाया लागले, शेंद्र्याला एक कोकणची बाई आलती, एवढी मोठी झाली अन् बाजरीची भाकर येत नाय. लई हसले सगळे. मी वळखलं. म्हनलं, बाजारात दिसली व्हती ती मला, बाजाराच्या दिशी भेटून शिकवू का तिला? सासूबाई म्हनल्या, जा, शिकव, पुण्य लागंल." तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "पीठ त्यांनीच बांधून दिलं."

बाजरीचं पीठ होतं. दळून आणलेलं, अजून कोमट.

"आधी आत जाऊन येते," ती म्हणाली आणि दवाखान्याच्या मागच्या दाराकडे वळली.

ती आत किती वेळ होती मला सांगता येणार नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. दार उघडलं तेव्हा आधी शलाका दिसली. ती माझ्याकडे न बघता पुढच्या माणसाला आत घेऊन गेली, पण तिचे खांदे सैल झाले होते. मग ती बाई आली. गोळ्यांचं पाकीट तिने पोलक्यात सरकवलं होतं.

आता सासूला विचारलं तर खोटं नको, म्हणून शिकवायचं ते खरंच शिकवायचं होतं. खालिदभाईंनी टपरीवाल्याकडून परात आणि तवा आणला, मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या. "अम्मा, भाकरी आमकू बी होना," म्हणाले आणि पहाऱ्याला समोर जाऊन बसले.

तिने मूठभर पीठ घेतलं, गरम पाण्यात मळत राहिली. "तळव्यानं रगडा. लई रगडा. रगडलं नाय तर मोडती." मी रगडलं. पहिली भाकरी परातीतच फाटली. ती हसली, तोंडावर हात घेऊन. दुसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथे तिचे तीन तुकडे झाले. तुकडे आम्ही वाटून खाल्ले. ती किती दिवसांनी खात होती ते माझ्या लक्षात आलं, पण मी विचारलं नाही. आमचं बोलणं सगळं पिठाबद्दलच चाललं होतं.

तिसऱ्यांदा काय झालं देव जाणे. गोळा हाताला लागला, भाकरी फिरायला लागली, काठ फुटेना. मी दोन्ही हातांवर तोलून ती तव्यावर टाकली. फुगलीसुद्धा. मी लहान पोरीसारखी ओरडले, "जमली! अगं, जमली मला!"

तिचं हसू गेलं. तिने पिशवीत उरलेल्या पिठाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मावशी," ती म्हणाली, "लवकर शिकू नका."